तिसऱ्या मॅचआधी उठून गेलेल्या सुमनला

ये इकडे, सुमे. अशी दारात उभी राहू नको, जवळ येऊन बस. आधी मला बोलू दे, मग तुझं काय ते सांग. काही रीत असते की नाही माणसाला? एक मॅच आपण जिंकलेली, एक हरलेली, तिसरी व्हायची राहिलेली, आणि तू मध्येच उठून गेलीस! रटाळ कीर्तनातूनही तू कधी आरतीआधी उठली नाहीस. माझा डोळा लागायचा, पाय आखडायचे, पण तू पदर धरून मला खाली बसवायचीस. "मधातून उठलं त बरं नाही दिसत, बाई." मग आता कसं दिसलं?

आणि "तिसरी मॅच झाल्याबिगर मी कुठी जात नाही" हे कोण म्हणालं होतं? मी नव्हते म्हणाले. खाटेवर उशीला टेकून, हातात कोमट पाण्याचा पेला धरून तूच म्हणालीस. तुझे घरचे, वसंता भाऊजी, साक्षीला आहेत. त्यांना आता विचारलं तर ते तोंड फिरवून अंगणात जातात, म्हणून विचारत नाही.

चिडले आहे मी. पण खरं सांगू का, मी तुझ्यावर चिडून माझं स्वतःचं लपवते आहे. तुला तेवढं कळतं. जाऊ आहेस तू माझी, लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझं मन माझ्या आधी तुला कळत आलं आहे.

लोकांना वाटतं, आपलं पहिल्यापासून जमलं. कुठलं जमलं! माझ्या घरच्यांची कचेरीतली नोकरी, तुझ्या घरच्यांची शेती. मी पेपर वाचायची आणि तू मला "मॅडम" म्हणून चिडवायचीस. चुली वेगळ्या झाल्या त्यानंतर आपण किती दिवस बोललो नाही, आठवतं? मधल्या भिंतीत खिडकी होती म्हणून बरं. वाटी इकडून तिकडे जायची, पण तोंडातून शब्द जायचा नाही. तुझी भाजी चांगली झाली की मी वाटी धुऊन पाठवायची, नाही झाली तर तशीच. तेवढंच आपलं बोलणं.

आणि मग तुझी नात त्या खेळात गेली.

कोणी सांगितलं असतं की दिग्रसच्या दोन म्हाताऱ्या बास्केटबॉलपायी पुन्हा एका पोत्यावर बसतील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. रोशनी अर्ध्या चड्डीवर खेळते म्हणून कोणीतरी तुझे कान भरले. तू ओढणी घेऊन तरातरा निघालीस, पोरीला गुंडाळून घरी आणायला. गेलीस ती आलीच नाहीस. दिवेलागण व्हायला आली तशी मी शेवटी अबोला मोडून तुला पाहायला आले. तर काय! तू घरामागच्या कापसाच्या जिनात, वजनकाट्यापाशी बारदानावर फतकल मारून बसलेली, ती ओढणी स्वतःच्याच डोक्यावर घेतलेली, आणि तोंडाने चाललेलं, "पळ! पळ व पोट्टे! दे तिले, तिले दे!"

मी म्हटलं, "तू त तिले आणाले आलती ना?"

"बसा, बाई," तू म्हणालीस. "मधातून उठलं त बरं नाही दिसत."

झालं. बसले मी. तेव्हापासून बसलेच.

आपल्या घरामागचं ते जीन, कापसातली सरकी काढायचं. कापूस यायचा तेव्हाचं मी तुला काय सांगू, तुझ्याच शेताच्या गाड्या त्यात असायच्या. आपल्या ओट्यापर्यंत बैलगाड्यांची रांग, गाडीवाल्यांना पाणी देऊन देऊन हात दुखायचे, आणि रुईची तुसं डाळीत, पापडात, पोरांच्या केसांत. त्या फरशीवर कापसाचे ढीग लागायचे, आपल्या गच्चीच्या उंचीचे. आता ही वर्षं अशी आली. कधी अळी, कधी पाऊस दडी मारतो, आणि पिकलंच तर भाव नाही. ऐन हंगामात फाटकाला कुलूप. गावोगावी कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर दुखवट्याची सतरंजी घातलेली. पेपर मी वाचायची, पण तुला सगळं वाचून दाखवायची नाही.

त्या रिकाम्या फरशीवर शाळेच्या खेळाच्या सरांनी मालकाला विचारून चुन्याच्या रेघा ओढल्या, जुने पाइप जोडून खांब उभे केले, रिंगा लावल्या. पोट्ट्यांना मैदान मिळालं.

तुला ते कधी पचलं नाही. टाळ्या तूच सगळ्यात जोरात वाजवायचीस, आणि मॅच संपली की तूच गप्प व्हायचीस. एकदा घरी येता येता म्हणालीस, "बाई, अथी ढीग लागाले पायजे होता. आपून ढिगाच्या जागेवर टाळ्या पिटून राह्यलो."

"मग येतं कायले?"

"नात खेळते म्हून येतो. पण घरी गेल्यावर देवाजवळ कापूसच मागतो. इतका कापूस येऊ दे म्हणतो, की त्या रिंगा झाकल्या गेल्या पायजे."

"फायनल झाल्यावर माग मंग."

"देव काय तुमच्या फायनलसाठी थांबते, बाई?"

हा आपला वाद. आपण त्यावर किती भांडलो! मी म्हणायची, कापूस नाही तो नाही, निदान पोरी तरी हसताहेत, तेवढं का नाकारायचं? तू म्हणायचीस, मी कुठं नाकारतो, मला फक्त लाज वाटते. मी म्हणायची, लाज वाटते तर इतक्या मोठ्यानं कशाला ओरडतेस? मग तू मला चिवडा द्यायचीस. वाद अर्धाच राहिला. आता बोल म्हटलं तर बोलणार कोण?

आणि तुझं ते पाठ फिरवणं! पोरीला धक्का मारला की शिटी वाजते, आणि मग तिला एकटीला रेघेवर उभं करतात, कोणी अडवायचं नाही, टाक बाई बॉल रिंगेत. त्याला तू "फुकटाचा बॉल" म्हणायचीस. रोशनीने टाकलेले पहिले काही फुकटाचे बॉल तू पाहिलेस आणि ते सगळे चुकले. बस, तुझ्या मनाने घेतलं. "माही नजर लागते तिले." तेव्हापासून पोरगी रेघेवर आली की तू बारदानासकट गर्रकन फिरायचीस, तोंड भिंतीकडे, पाठ मैदानाकडे. आणि मला म्हणायचीस, "सांगा."

मग मी सांगायची. "बॉल आपटून राह्यली. पुसला कपाळाचा घाम. पाहून राह्यली रिंगेकडे. गुडघे वाकवले. सोडला..." इथे मी मुद्दाम थांबायची. तू भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, "अवो बाई, जीव नका घेऊ, पडला का?" मी म्हणायची, "पडला!" की तू भिंतीलाच टाळी द्यायचीस. पोट्ट्या हसायच्या. समोरच्या टीमच्या पोरीसुद्धा हसायच्या. आपल्या नातीचा एकही फुकटाचा बॉल तू पडताना पाहिला नाहीस, सुमे. सगळे माझ्या तोंडून पडले.

म्हणून तर आता मला हे इतकं जड जातं आहे.

उमरखेडच्या मॅचला तुला नेलं नाही. तुझी छाती भरून येत होती, एसटीचा रस्ता खराब, डॉक्टरांनी पडून राहा म्हटलं होतं. मी गेले पोरींबरोबर. त्यांच्याशीच पहिली मॅच आपण आपल्या फरशीवर जिंकलेली, ही जिंकली असती तर तिथेच फायनल गाठली असती, तिसरी खेळावीच लागली नसती. आणि शेवटी रोशनीच्या हातात फुकटाचा बॉल आला आणि तो रिंगेवर गरगर फिरून बाहेर पडला. हरलो. येताना एसटीत पूर्ण रस्ता पोरगी खिडकीला डोकं टेकून होती.

मी घरात आले, चप्पल काढायच्या आधी तू खिडकीतून विचारलंस, "काय झालं?" मी सगळं सांगितलं, हातवारे करून, कुठली पोरगी कुठं चुकली, समोरच्या पोरी किती उंच. तू ऐकलंस. मग म्हणालीस, "तवाच मले अथी पडल्या पडल्या थो बॉल डोळ्यापुढं दिसला होता, बाई. म्या पाह्यला, म्हून चुकला."

मी थकलेली. हरण्याचा राग. मी फटकन म्हटलं, "तुह्या पाह्यण्यानं काही होत नाही. तिचे गुडघे वाकत नाही, म्हून चुकला. सरानं तिच्याकडून उद्यापासून तेवढंच करून घ्याले पायजे."

तू हसलीस. तुझं ते बारीक हसणं. म्हणालीस, "तुमाले खेळाचंच पडलं हाय, मॅडम. घरात आल्यापासून एकदा तरी इचारलं का, सुमन, छातीत कसं हाय?"

चेष्टेतच म्हणालीस. मीही चेष्टेतच म्हटलं, "उद्या इचारतो व. आता निजू दे मले."

तेव्हाच तू ते तिसऱ्या मॅचचं बोललीस. तिसरी मॅच झाल्याबिगर मी कुठी जात नाही. मी म्हटलं, जाऊन जाऊन जाशीन कुठं, आणि खिडकी ओढून घेतली.

सकाळी भाऊजींनी भिंतीवर मूठ आपटली. मी आले तोवर तू विचारण्याच्या पलीकडे गेली होतीस.

तुझ्या तोंडात पाणी घालताना, तुला हिरवं नेसवताना, कपाळावर कुंकू भरताना माझ्या डोक्यात तेवढं एकच. इचारतो म्हटलं होतं. इचारतो म्हटलं होतं.

आता पुढचं ऐक. हे तुला कोणी सांगितलं नसेल, सांगितलं असेल तर मारेगावच्या अक्कांनी सांगितलं असेल, आणि त्यांच्या तोंडून ते कसं आलं असेल ते मला ठाऊक आहे. अक्का त्याच दुपारी आल्या आणि आल्या तशा घराचा ताबा घेतला. ते बरंच झालं, मला काही सुचत नव्हतं. आपल्या नणंदेचा तो गुणच आहे, त्यांना रडायला बसवलं तरी त्या आधी सतरंजी सरळ करतील.

राख सावडून झाली त्या संध्याकाळी खेळाचे सर आले. ओसरीच्या खाली उभे राहिले, वर आले नाहीत. तिसरी मॅच दुसऱ्या दिवशी आपल्याच फरशीवर होती. त्यांनी मॅचचं नावसुद्धा काढलं नाही. हात जोडले आणि गेले. पण ते गेल्यावर सगळ्यांच्या डोळ्यापुढे तेच.

रोशनी म्हणाली, "मी नाही खेळत."

अक्का म्हणाल्या, "हे काय सांगाची गोष्ट हाय? सुतकात पोट्टी खेळाले जाते का कुठं? सख्खी आजी गेली तिची. लोकं तोंडात शेण घालतीन."

तुझा मुलगा डोकं भादरून कोपऱ्यात बसलेला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोरली ना मी घरातली.

आणि मी म्हटलं, "जाऊ द्या तिले."

"वहिनी!" अक्का.

"जाऊ द्या म्हटलं. सुमनच्याच मनात होती थे मॅच. मी जबाबदार."

ऐकायला किती चांगलं वाटतं नाही? तुझ्या मनातलं तुझ्या माघारी पुरं केलं. बाया अजून मला तसंच म्हणतात. पण तुला खोटं सांगून काय करू? ते म्हणताना तुझा चेहरा माझ्या डोळ्यापुढे होता, हे खरं. आणि त्याच्या शेजारी ती रिंग होती, हेही खरं. मला ती मॅच जिंकलेली पाहायची होती, सुमे. तू जाऊन अजून सुतक फिटलं नव्हतं, तुझी खाट उभी करून ठेवलेली होती, आणि माझ्या पोटात जे दुखत होतं त्याच्यात थोडी ती मॅचही होती. किती तुझ्यासाठी आणि किती माझ्यासाठी, हे मी तेव्हाही निवडून पाहू शकले नाही, आताही नाही. सरकी आणि रुई वेगळी करायला मशीन असतं, याला काही नाही.

मला स्वतःला तर जाता येत नव्हतं. सुतकातली बाई मैदानावर चार लोकांत कशी जाणार? खाली ओसरीवर महाराज पोथी वाचायला बसले, भेटायला आलेल्या बाया बसल्या. मी म्हटलं, गोधड्या उलटवून येते, आणि गच्चीवर चढले. अक्कांनी पाहिलं. त्यांना कळलं. गोधड्या त्यांनी सकाळीच उलटवल्या होत्या.

वरून मला पहिलं काय दिसलं सांगू? तुझं बारदान. वजनकाट्यापाशी पोट्ट्यांनी ते घडी करून ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे. त्यावर कोणी नाही. गर्दी होती गं, उमरखेडहून माणसं आली होती, पोरं फाटकावर चढलेली, पण त्या बारदानावर कोणी बसलं नाही. दरवेळी तू पोट्ट्यांना तिळाचे लाडू द्यायचीस खेळाआधी. सुतकाच्या घरचं कसं द्यायचं? मग त्याच आपापल्या घरून आणून एकमेकींना देत होत्या. एकीने एक लाडू तुझ्या बारदानावर ठेवला.

मॅच तुला सगळी सांगत नाही. सांगेन, पण समोर बसशील तेव्हा. आज एवढंच, की आपल्या पोरी मागेच होत्या. त्या उंच पोरींसमोर बॉल वर धरता येईना. मग आपल्या बुटक्या पोट्ट्यांनी बॉल खालूनच फिरवायला सुरुवात केली, पायाजवळून, आणि हळूहळू पोचत आल्या. मी कठड्याला धरून उभी. खालून पोथीचा आवाज, पुढून शिट्ट्या. माझा एक कान तुझ्या सुतकात आणि एक कान मॅचमध्ये.

शेवटी आपण एकाच गुणाने मागे, आणि वेळ संपता संपताच रोशनीला धक्का लागला. शिटी. दोन फुकटाचे बॉल.

पोरगी रेघेवर आली. तिने काय केलं माहीत आहे? आधी बारदानाकडे पाहिलं.

आणि माझं तोंड सुरू झालं. मी ठरवलं नव्हतं. सवयच ती. हळू आवाजात, कठड्याला धरून, "बॉल आपटून राह्यली. घाम पुसला. पाहून राह्यली रिंगेकडे. गुडघे वाकवले, सुमे, वाकवले या खेपी. सोडला... पडला." बरोबरी झाली. "दुसरा हाय आता. थांब. तू फिरू नको, भिंतीकडंच पाह्य. आपटून राह्यली. लय वेळ घेऊन राह्यली. वाकली. सोडला..."

या वेळी मी मुद्दाम थांबले नव्हते. बॉल रिंगेच्या काठावर बसला, उमरखेडला बसला होता तसाच, आणि मग आत गेला.

आणि मी ओरडले. कुठल्या बाईने असं ओरडू नये सुतकाच्या घरात. "पडला व सुमे! दोन्ही पडले! जिंकलो व सुमन!" दोन्ही हात वर करून. माझा पदर कुठे होता मला माहीत नाही. जिनाच्या त्या पत्र्यांवरून माझाच आवाज मला परत ऐकू आला.

खाली पोथी थांबली.

मग जिन्यावर अक्कांची पावलं. वर आल्या, माझ्याकडे पाहिलं. मी अजून हसत होते गं. हसणं तोंडावर तसंच राहिलेलं, काढता येईना.

"कोणाले हाक मारली तुमी, वहिनी?"

मी पदर सावरायला लागले.

"दहावा होईस्तोवर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारत नसते. जीव अडकते तिचा, मागं फिरते. लहान हाय का तुमी? अन् हसता कायच्या? घरातली बाई गेली, अन् हसता?" मग त्यांचा आवाज फुटला. "दहाव्याले कावळा शिवला नाही, त मी काय सांगू माह्या भावाले?"

रागावल्या नव्हत्या त्या, घाबरल्या होत्या. त्यांना पाहून मीही घाबरले. पोरगी सुतकात खेळायला गेली ती माझ्या शब्दावर. आणि वरून मी तुला नाव घेऊन हाक मारली. तुझा जीव जर खरंच माझ्या त्या ओरडण्याने मागे फिरला असेल, अडकला असेल, तर? जन्मभर तू मला कीर्तनातून उठू दिलं नाहीस, आणि आता जायच्या वेळी मी तुला जाऊ दिलं नाही?

रोशनी मागच्या दाराने आली. मैदानावर पोरी नाचत होत्या, हिने बूट हातात घेतलेले. सुतकाच्या घरात जिंकून आलेल्या पोरीचं काय करायचं, कोणालाच माहीत नव्हतं. ना ओवाळायचं, ना गोड द्यायचं. तिने खेळायचे कपडे बादलीत भिजवले, अंग धुतलं, माझ्याजवळ येऊन बसली.

"मोठ्या आजी, आजीनं पाह्यलं असन का व?"

मी म्हटलं, "तुह्या आजीनं कधी पाह्यला होता फुकटाचा बॉल?"

ती हसली, मग तोंडात ओढणी कोंबून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "शाब्बास" हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि मी गिळला. तोही अजून द्यायचा राहिला आहे.

पुढचे दिवस माझे कसे गेले, ते विचारू नको. बाया भेटायला यायच्या, रडायच्या, आणि जाताना माझ्याकडे एक नजर टाकायच्या. रात्री कूस बदलली की भिंतीपलीकडे तू खोकलीस असं वाटायचं, आणि मी मनात म्हणायची, जा व माय, जा, मी नाही बोलावलं तुले.

दहाव्याला मीही नदीवर गेले. अक्का म्हणाल्या, तुमचे गुडघे दुखतात, घरीच राहा. मी गेले. आम्ही बाया मागे झाडाखाली बसलो.

तुला सांगू, या वर्षांत आपल्या नदीवरच्या कावळ्यांना काही कमी नाही. इतक्या घरांचे दहावे, इतके पिंड. पोट भरलेले कावळे ते, झाडावर बसून राहतात, खाली बघतही नाहीत. लोक उन्हात ताटकळतात, हात जोडतात, पोराचं शिक्षण करू म्हणतात, पोरीचं लग्न करू म्हणतात, सगळं कबूल करतात, तरी तो येत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. मी तयारीनेच गेले होते. मनात सगळं जुळवून ठेवलेलं. कावळा येणार नाही, सगळे माझ्याकडे पाहतील, आणि मी पुढे जाऊन सगळ्यांसमोर सांगीन, की सुमन, चूक माझी, पोरीची नाही. मी बोलावलं तुला. तिला दोष लावू नको.

तुझ्या मुलाने पिंड ठेवला. वळला. तो दोन पावलं मागे येतो न येतो, तर कावळा पिंडावर.

कोणी हात जोडले नव्हते अजून. महाराज म्हणाले, "घ्या, गेली बाई समाधानानं." बाया एकदम "आई गं" म्हणाल्या. अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. "काही राह्यलं नव्हतं व तिचं, वहिनी. काहीच राह्यलं नव्हतं."

आणि मला, सुमे, तुझा इतका राग आला! काहीच राहिलं नव्हतं? फायनल आहे अजून. तो कापसाचा वाद आहे. मी तुला विचारीन म्हटलेलं आहे. माझ्यासाठी तू थोडा वेळसुद्धा त्या कावळ्याला थांबवलं नाहीस? मी एवढं मनात जुळवून आणलं ते तसंच घेऊन घरी यायचं?

येताना बैलगाडीच्या जुन्या रस्त्याने आलो. जिनाच्या भिंतीपाशी माझी पावलं थांबली. आत पोरी रिंगेवर बॉल टाकत होत्या, धप धप आवाज येत होता. तेव्हा डोक्यात आलं. मॅचचं काय झालं, एवढंच तुझं राहिलं होतं ना? मग ते तर तुला त्याच संध्याकाळी कळलं असेल. गच्चीवरून. त्या ओरडण्याने तू मागे फिरलीही असशील, पण "पडला का?" एवढं विचारण्यापुरतीच. आणि मी "पडला" म्हटल्यावर भिंतीला टाळी देऊन निघून गेली असशील.

असं मला वाटतं. खरं काय, कोण सांगणार? कदाचित तो कावळा नुसता भुकेला असेल. स्वतःला सोडवून घ्यायला माणूस काहीही जोडून आणतं, आणि मला जोडून आणायची सवय आहे, तू नेहमी म्हणायचीस. जिंकल्याचा आनंद अजून माझ्या आत आहे. तो मी टाकू शकत नाही. घास घेताना मध्येच तो बॉल आठवतो आणि तोंडावर हसू येतं. मग लगेच तुझी उभी केलेली खाट दिसते. दोन्ही एकाच पोत्यावर बसलेत, आपल्यासारखे, आणि भांडताहेत.

आता बातमी ऐक. मालक परवा आला होता, दोघं जण बरोबर. पुढच्या हंगामात जीन सुरू करायचं बघतो म्हणाला. खांब काढावे लागतील, फरशी धुवावी लागेल. सरांचा चेहरा पडला. पोरींचाही. मी मात्र घरी आले आणि तुझ्या देवापुढे बसले. सुतक फिटलं होतं, दिवा लावला, आणि म्हटलं, येऊ दे बाप्पा कापूस. तिनं मागितला होता तेवढा येऊ दे, रिंगा झाकल्या गेल्या पाहिजेत. मग थोडं थांबून म्हटलं, फायनल झाल्यावर. आवरलं नाही मला. हो, चिडव आता.

फायनल आपल्याच फरशीवर आहे. तुझं बारदान मी उन्हात घालून झटकून ठेवलं आहे. त्या लाडवाला मुंग्या लागल्या होत्या, तो भाऊजींनी झाडाखाली ठेवला. आता कावळा शिवला आहे, आता तुला हाक मारली तर अक्कासुद्धा काही म्हणणार नाहीत. म्हणून मोकळ्या आवाजात मारते. ये, सुमन. लवकर ये, खेळ सुरू व्हायच्या आधी ये. भिंतीकडे तोंड करून बस, मी जवळच बसेन. तू लगेच "सांगा" म्हणशील, पण या खेपेला मी मॅचचं आधी सांगणार नाही. आधी मी विचारीन, छातीत कसं आहे गं? तू सगळं सांगून होईस्तोवर ऐकीन. मग बॉल सुटला तरी चालेल.